सतरा एक

सर,

तुम्ही गेलात तेव्हा तुमच्यापासून लपवलेलं माझ्याकडे काही उरलं नव्हतं. मुख्य गोष्ट पहिल्या परिच्छेदात यावी असं मला वृत्तपत्रात शिकवलं, म्हणून हे आधी लिहितो. महिन्याभरापूर्वी हे वाक्य मला लिहिता आलं नसतं. मंगळवारी सगळं आटोपून घरी निघालो तेव्हा काकू दारापर्यंत आल्या. "तू रडला नाहीस," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "तुम्हीही नाही." त्या म्हणाल्या, "हलकं वाटतंय रे. असं म्हणावं का नाय?" मी म्हणालो, म्हणा.

तुमचं वय, गाव, शाळा, मागे कोण कोण आहे, हे सहा ओळींत छापून आलं आहे. त्या ओळी मीच लिहून दिल्या. तुमचं आणि माझं जे होतं, ते त्या सहा ओळींत बसत नाही. ते एका वेगळ्याच ओळीत न बसलेल्या मजकुरापासून सुरू झालं.

मी तेव्हा उमेदवारीवरचा उपसंपादक होतो. मुलांचं पान दुपारी लागायचं. एका दुपारी पानाच्या तळाशी चार ओळींची जागा उरली. एका इंग्रजी मासिकात मी वाचलं होतं की एक हा अंक सलग एकोणीस वेळा लिहिला तर तयार होणारी संख्या मूळ असते. एक आणि ती स्वतः सोडून तिला दुसऱ्या कशानेही पूर्ण भाग जात नाही. मी ते मराठीत करून खाली पाठवलं. थोड्या वेळाने रशीदभाई वर आले. ते कंपोझिटर होते, शिशाचे खिळे जुळवून ओळी उभ्या करणारे.

"साब, ये तुमारे एकां लाइन में नै बैठ रे. दो ज्यादा हो रे."

"मग दोन ओळींत तोडा."

"तुमीच बोले थे ना, आकडा तोडने का नै."

नियम खरंच तसा होता. संख्या एका ओळीतून दुसऱ्या ओळीत तोडायची नाही.

"दो निकाल दूँ क्या?"

"काढा. आणि वर एकोणीस लिहिलंय त्याचं सतरा करा."

"गिनने कौन बैठ रा," रशीदभाई म्हणाले आणि खाली गेले.

तुम्ही बसलात, सर.

तिसऱ्या दिवशी तुम्ही गारखेड्याहून सायकलवर आलात. तेव्हा गारखेडा आणि शहर यांच्यामध्ये शेतं होती. हातात कात्रण होतं.

"हे सतराचं कुणी लिहिलं?"

"मी."

"पुरावा?"

"इंग्रजी मासिकात आहे."

"दाखव."

मासिक माझ्या खणात होतं. मी म्हणालो, "रद्दीत गेलं."

"मासिकाचं नावबी रद्दीत गेलं का?"

तुम्ही कात्रण घडी करून खिशात ठेवलंत. "बरं. मग भागून बघतो. तू इथंच असतोस नं?"

उमेदवारीचे चार महिने उरले होते. दुरुस्ती छापली की ती कुणाची चूक हे संपादक विचारत. मी मनाशी म्हणालो, शाळामास्तर आहेत, आठवड्यात कंटाळतील. त्या संख्येबद्दल मला एवढंच माहीत होतं की ती ओळीच्या रुंदीवरून ठरली आहे. हे न सांगता मी तुम्हाला कामाला लावलं. यात शंकेला जागा नाही आणि आता मी ती ठेवतही नाही.

पुढच्या रविवारी तुम्ही मला घरी बोलावलंत. टेबलावर दोनशे पानी वही होती. "आंधळ्यासारखं भागायचं नाय," तुम्ही म्हणालात. "कोणतीबी संख्या भेटली की आधी तिची चौकशी करायची. ही विषम. उलटी वाचली तरी तीच. अंकांची बेरीज सतरा, म्हणजे तीननं जात नाय. शेवटी अकरा, म्हणजे चारनं भागल्यावर तीन उरतात. तसा वर्ग कधी नसतो, म्हणजे ही वर्ग नाय." मग तुम्ही एकं, दहं, शतं करत जुन्या यादीतली नावं घेतलीत, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, आणि मध्य या नावाशी थांबलात. "सतरावा एक इथं येतो. पुढं परार्ध. त्याच्या पलीकडं आपल्या यादीत नाव नाय." एकोणीस एकांना नावच नाही, हे मी तेव्हा ऐकलं आणि गिळलं.

चौकशीतून एक नियम निघाला. या संख्येला भागू शकेल अशी कोणतीही मूळ संख्या चौतीसच्या पटीपेक्षा एकाने जास्त असायला हवी. म्हणजे १०३, १३७, २३९ अशी. आणखी एका नियमाने त्यातल्या निम्म्या बाद होत होत्या. उरलेल्यांनी एकेक करून भागायचं. शाळेआधी एक, शाळेनंतर एक किंवा दोन. प्रत्येक भागाकाराखाली नवाचा ताळा, म्हणजे अंकांच्या बेरजेवरून केलेली पडताळणी, आणि तिच्यापुढे बरोबरची खूण.

भागाकार तुम्ही उर्दूत करायचात. निजामाविरुद्ध पोलीस अ‍ॅक्शन झाली तेव्हा तुम्ही गंगापूरला तिसरीत होता. भागाकार मौलवींनी शिकवून झाला होता आणि पुढच्या वर्षी शाळा मराठी झाली. त्यामुळे पाढे मराठीत, हातच्याला 'हासिल', शून्याला 'सिफर'. ओठ हलायचे आणि मला समोर बसून ऐकू यायचं. सिफर हा शब्द मात्र बाकीच्या जागी कधी आला नाही.

मी दर रविवारी येऊ लागलो. आधी अपराधीपणामुळे, नंतर चहामुळे, नंतर सवयीने. पुढे तुमच्यापासून दोन गल्ल्यांवर घरही घेतलं. काकू चहा ठेवता ठेवता विचारायच्या, "काय म्हणती तुमची सतराजणी? जुळलं का?" तुम्ही मान हलवायचात. "किती स्थळं दाखवली म्हाताऱ्यानं," काकू मला सांगायच्या, "पण एकबी पसंत पडंना तिला."

आपलं खरं भांडण एकच होतं आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचो की लोकांना उत्तर हवं असतं. तुम्ही म्हणायचात, "उत्तर तुझ्या पेपराला पुरतं. मला पुरावा लागतो. कुणी सांगितलं म्हणून जे कळतं ते आपलं नसतं." मी म्हणायचो, मग सगळी बातमीदारीच बाद झाली. तुम्ही म्हणायचात, "मी कुठं तसं म्हणलो? पण तू म्हण." अजूनही मला वाटतं की माहीत असलेली गोष्ट दाबून ठेवणं ही चूकच असते. तुमच्या बाबतीत मी ती वीसेक वर्षं केली.

ऑफिसात इंटरनेट आलं तेव्हा ते तुम्हाला माझ्याआधी कळलं. "त्या मशीनला माझी संख्या विचारायची नाय," तुम्ही बजावलंत. "विचारलीस तर मला सांगायचं नाय. शपथ घे." मी घेतली. आणि चार-पाच महिन्यांनी विचारलं. कुतूहल होतं असं म्हणता येईल. खरं म्हणजे, मी छापलेलं निदान योगायोगाने तरी बरोबर आहे का, हे मला बघायचं होतं.

ते बरोबर नव्हतं. संख्या संयुक्त होती. तिचा लहान भाजक २०७१७२३. मी कागदावर गुणून पाहिलं. चौतीस गुणिले ६०९३३ अधिक एक. तुमच्या नियमात बसणारा. म्हणजे तुम्ही बरोबर रस्त्यावर होता आणि एक दिवस तिथे पोचणार होता. मला त्या आठवड्यात फार बरं वाटलं. रविवारी मी विचारलं, "कुठवर आलात?"

"बावीस लाख ओलांडले," तुम्ही म्हणालात.

मी कप खाली ठेवला. तुम्ही त्या संख्येने भागून पुढे गेला होता. कुठेतरी हात चुकला होता, नवाच्या ताळ्याने तो पकडला नव्हता, आणि आता पुढे तुम्ही कितीही भागलंत तरी उत्तर मागेच राहणार होतं. काकूंनी विचारलं, "चहात साखर कमी झाली का?" मी हो म्हणालो.

त्यानंतर वह्या वाढत गेल्या. तुम्ही निवृत्त झाला होता, हात मंद झाला होता, तरी वहीमागून वही. साखरेने डोळे अधू केले तेव्हा त्रेचाळिसावी चालू होती. ती अर्धीच राहिली. तुम्ही म्हणालात, "तीस लाखांच्या पुढं गेलो. बहुतेक मूळ असावी. तुझ्या मासिकाचं खरं असंल." मला ते वाक्य ऐकवलं नाही.

मग एका रविवारी मी तुम्हाला जुनी गोष्ट सांगितली. दहावीचा निकाल पेपरात बैठक क्रमांकांनी छापला जायचा तेव्हाची. एका मुलीच्या क्रमांकातले दोन अंक खिळे जुळवताना उलटे लागले आणि पास झालेली मुलगी दोन दिवस नापास राहिली. मुद्रितं दोनदा तपासली होती; अंक सगळे होते, फक्त जागा बदलल्या होत्या. ही गोष्ट मी सहज सांगितली की मुद्दाम, हे तेव्हा मलाही नक्की माहीत नव्हतं.

तुम्ही म्हणालात, "नवाचा ताळा हे पकडत नाय."

"म्हणजे?"

"अंक उलटे झाले तर बेरीज तीच राहती. ताळा जुळतो. पोरांना मीच शिकवलंय की हे." तुम्ही खुर्चीत सरसावून बसलात. "अकराचा ताळा लावला पायजे. पहिल्या वहीपासनं. तू वाच, मी तोंडी करतो."

अकराच्या ताळ्यात अंक एकाआड एक मिळवायचे आणि वजा करायचे. शेजारचे अंक उलटे झाले की तो बिघडतो. सतरा एकांचा हा ताळा एक. म्हणून प्रत्येक भागाकारात भाजकाचा ताळा गुणिले भागाकाराचा, अधिक बाकीचा, अकराने भागून उरणार एकच. एक नाही आला की चूक. मी वाचायचो, तुम्ही डोळे मिटून सांगायचात. मुद्रितशोधनाला आम्ही असेच दोघे बसायचो, एक वाचणारा, एक ऐकणारा.

त्याच सुमारास डॉक्टरांनी तुमच्या हृदयाबद्दल सांगितलं. अर्धं वर्ष, फार तर. मी घरी येऊन हिशेब केला. रविवारी एक तास या वेगाने तिसाव्या वहीला तीन वर्षं लागत होती. उत्तर तिसाव्या वहीत होतं. तुम्ही झोपलेले असताना मी एकदा ती काढून पान शोधलं होतं. चूक कुठे आहे ते मला दिसलं नाही. बाकी शून्य नव्हती, एवढंच दिसलं. वही परत जागेवर ठेवली. तीच आधी पुढे करायची इच्छा झाली होती. पण पहिल्या वहीपासून असं तुम्ही म्हणाला होता. मी रविवारऐवजी रोज येऊ लागलो. तुम्ही कारण विचारलं नाहीत.

पाच महिने वाचलं. चुका निघत होत्या. दुरुस्त केल्यावर बाकी बदलायची, शून्य व्हायची नाही. तिसावी वही उघडली तेव्हा तुम्ही अंथरुणाला खिळलेले होता आणि आवाज बारीक झाला होता. ते पान तीन दिवसांनी आलं. सकाळची वेळ होती, काकू पायाशी बसून मेथी निवडत होत्या.

"भाजक?"

"वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस."

"पाच. भागाकार?"

मी एकेक अंक वाचला. पाच, तीन, सहा, तीन, दोन, दोन, दोन, तीन, पाच, पाच.

"सात. पाच साती पस्तीस, म्हणजे दोन. बाकी?"

"चौदा लाख त्रेचाळीस हजार चारशे सेहेचाळीस."

"चार. दोन नि चार सहा." तुम्ही थांबलात. "एक यायला पायजे. पायऱ्या वाच."

सहा पायऱ्या नीट गेल्या. सातवीत मी वाचलं, "उरले सात लाख छत्तीस हजार नऊशे पाच."

"थांब. कशातनं काय गेलं?"

"अठ्ठेचाळीस लाख त्र्याऐंशी हजार एक्कावन्न. त्यातून एक्केचाळीस लाख त्रेचाळीस हजार चारशे सेहेचाळीस."

"मग सात लाख एकोणचाळीस हजार सहाशे पाच. नऊ नि सहा उलटे लिहिलेत मी. पुढचं मी सांगतो, तू लिही."

तीन पायऱ्या उरल्या होत्या. मी लिहीत गेलो; ते पान आत्ता समोर आहे. शेवटच्या पायरीला एक कोटी पंचेचाळीस लाख दोन हजार एकसष्ट आले. तुम्ही भाजकाला सातने गुणलंत. तोच आकडा. मी विचारलं, "बाकी?"

"सिफर," तुम्ही म्हणालात.

काकूंनी मेथी बाजूला ठेवली. "काय झालं?"

"जुळलं," तुम्ही म्हणालात.

मला वाटलं होतं तुम्ही रडाल किंवा वर्षांचा हिशेब कराल. तुम्ही म्हणालात, "दुसरा भाग दहा अंकी. तो फुटत असला तर त्र्याहत्तर हजार दोनशे चौतीसच्या आतला भाजक पायजे. तेवढे सगळे पहिल्या दोन वह्यांत झालेत, नि अकरानं तपासलेतबी. म्हणजे दोन्ही भाग मूळच. संपलं." मग थोड्या वेळाने, "तिसावीनंतरच्या तेरा वह्या फुकट गेल्या."

तेव्हा मी सगळं सांगितलं. एकोणीस, ओळीची रुंदी, काढलेले दोन एक, खणातलं मासिक, ऑफिसातलं मशीन, वीस वर्षं, तिसाव्या वहीत डोकावणं. क्रमाने सांगितलं, मध्ये थांबलो नाही.

काकूच आधी बोलल्या. "म्हणजे ह्याच्या एका ओळीपायी माझं कपाट वह्यांनी भरलं?"

"वीस वर्षं माहीत होतं तुला," तुम्ही म्हणालात.

"शपथ होती, सर."

"व्हय. नि ती निकालाची गोष्ट?"

"ती सहज सांगितली."

"सहज," तुम्ही म्हणालात. छातीत दुखेल म्हणून हसू दाबलंत. मग विचारलंत, "एकोणीसवाली खरंच मूळ हाय?"

"हो. सिद्ध झालेलं आहे."

"पक्कं?"

"पक्कं."

"मग तुझ्या त्या रशीदभाईंनी लई उपकार केले. एकोणीस छापलं असतंस तर मी जन्मभर भागत बसलो असतो नि सिफर आलंच नसतं."

रशीदभाईंना जाऊन बरीच वर्षं झाली. हे त्यांना सांगता आलं असतं तर ते काय म्हणाले असते, मला माहीत आहे.

त्यानंतर तुम्ही सतरा दिवस होता, असं लिहिण्याचा मोह होतो. खरं म्हणजे बावीस. त्या दिवसांत मी रोज आलो आणि आपण काहीही वाचलं नाही. तुम्ही बरेचदा झोपलेले असायचात. मी खुर्चीत बसून पेपर चाळायचो, आणि आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या खोलीत मला कशाची भीती नव्हती. एकदा डोळे न उघडता तुम्ही म्हणालात, "दुरुस्ती छाप."

"इतक्या वर्षांनी?"

"चूक छापलेली हाय नं? मग दुरुस्तीबी छापलेली पायजे. नि दिलगीर-बिलगीर लिहू नको. पुरावा लिही."

मी आताच्या संपादकांकडे गेलो. ते माझ्या मुलाच्या वयाचे आहेत. म्हणाले, "काका, तो अंक काढला तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. स्मृतिलेख लिहा, मोठी जागा देतो." म्हणून हा लेख, सर, आणि त्याच्या तळाशी चार ओळींची जागा मी मागून घेतली आहे.

दुरुस्ती: आमच्या मुलांच्या पानावर पूर्वी छापलेला एक मजकूर चुकीचा होता. ११,११,११,११,११,११,११,१११ ही मूळ संख्या नाही. ती २०७१७२३ आणि ५३६३२२२३५७ या दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे. पुरावा हाताने लिहिलेल्या त्रेचाळीस वह्यांत असून पहिली, दुसरी आणि तिसावी वही पुरेशी आहे.